सुभेदाराचा शेवटचा गुरुवार

मार्गशीर्षात कुडपणच्या वरच्या अंगाला सकाळी उभं राहिलं की खालची दरी धुक्याने काठोकाठ भरलेली असते आणि डोंगरांचे नुसते माथे वर दिसतात. रायगड, सातारा आणि रत्नागिरी, तिन्ही जिल्ह्यांच्या हद्दी इथे जवळजवळ येतात. नाचणी-वरीची कापणी उरकलेली वरकस शेतं, त्यांच्या कडेने करवीची दाटी, आणि तिच्यातून गेलेली पायवाट. खालून कोणी चढत असेल तर माणूस दिसायच्या आधी त्याच्या पायाखालचा दगड घरंगळल्याचं ऐकू येतं. आवाज नेमका कुठल्या बाजूने आला हे मात्र सांगता येत नाही. डोंगर तो फिरवून टाकतात.

कुडपणची ओळख शेलारमामांचं गाव म्हणून, तशी याच तालुक्यातल्या उमरठची तानाजींचं गाव म्हणून. पण मला आज ज्याची गोष्ट सांगायची आहे तो इथला नव्हे. तो डोंगरापलीकडे वाईला दहा वर्षं सुभेदार होता आणि या जुन्या जावळीच्या मुलखात येऊन संपला. मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १५८१, गुरुवार. इंग्रजी तारीख १० नोव्हेंबर १६५९.

सुभेदार म्हणजे काय, हे आज पटकन लक्षात येत नाही. कलेक्टर, पोलीस प्रमुख, न्यायाधीश आणि पलटणीचा कर्नल या चौघांना एकाच अंगरख्यात कोंबलं तर जो तयार होईल तो आदिलशाहीतला सुभेदार. सारा त्यानेच वसूल करायचा, वतनाचा तंटा त्यानेच तोडायचा, बंडखोराला त्यानेच धरायचं, आणि धरलेल्याचं काय करायचं तेही त्यानेच ठरवायचं. वर दरबार होता खरा, पण तो विजापुरात, घोड्यावरून बऱ्याच दिवसांच्या वाटेवर.

घड्याळं तेव्हा नव्हती. तळाला भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडायची, ती बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं. साडेसात घटकांचा प्रहर. त्या गुरुवारापर्यंतची उलटी मोजणीही त्याच मापाने केलेली बरी. मात्र ती सप्तमीच्या सूर्योदयापासून सुरू करून भागत नाही, बरीच मागून धरावी लागते.

वीस वर्षं उरली

१६३९ च्या सुमाराची गोष्ट. आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या कर्नाटक मोहिमेत शिऱ्याच्या किल्ल्याला वेढा पडला होता. किल्ल्याचा राजा कस्तुरीरंग. तहाची बोलणी करायला म्हणून अफजलखानाने, म्हणजे पुढच्या वाईच्या सुभेदाराने, त्याला भेटीला बोलावलं आणि भेटीतच मारलं. किल्ला पडला, खानाचं वजन वाढलं.

या एका प्रसंगात पुढचं सगळं आहे असं मला वाटतं. माणूस पहिल्यांदा ज्या पेचाने कुस्ती मारतो, तो पेच त्याला जन्मभर आवडतो.

अकरा वर्षं उरली

२५ जुलै १६४८. जिंजीच्या छावणीत मुस्तफाखानाच्या हुकमाने, बाजी घोरपड्यांच्या हातून, शहाजीराजे पकडले गेले. कैदी म्हणून त्यांना विजापुरात पोचवण्याचं काम अफजलखानाकडे आलं. पुढे कनकगिरीच्या वेढ्यात शहाजीराजांचे थोरले चिरंजीव संभाजी तोफेच्या गोळ्याने पडले. खानाने वेळेवर कुमक दिली नाही, हा ठपका भोसल्यांच्या घरात कायमचा राहिला. प्रतापगडाखालच्या भेटीत खान आणि शहाजीपुत्र शिवाजीराजे या दोघांनी एकमेकांना प्रथमच पाहिलं असेल, पण देणंघेणं जुनं होतं.

दहा वर्षं उरली

१६४९ पासून खान वाईचा सुभेदार. या काळाबद्दल बखरी फारसं बोलत नाहीत, कागद बोलतात. वतनाचे निवाडे, कौल, ताकीदपत्रं. त्यांत रयतेला लेकरांसारखं मानण्याची भाषाही सापडते. शिक्क्यातला फारसी मजकूर मात्र जपमाळेच्या मण्यातूनही आपलंच नाव ऐकू यावं अशा थाटाचा. दोन्ही खरं असावं. गाव ओस पडलं तर सारा बुडतो, एवढं कळणारा तो अधिकारी होता. आणि त्याच्यापुढे ताठ उभा राहणाऱ्याची खैर नव्हती. आपल्याकडे एकतर राक्षस रंगवायचा किंवा मग उलट बाजूने त्याला न्हाऊमाखू घालायचं, अशी खोड लागली आहे. वाईच्या कागदांतला खान या दोन्ही चित्रांत मावत नाही.

एक गोष्ट मात्र धरून ठेवायला हवी. दहा वर्षं वाईला बसलेल्या माणसाला जावळी म्हणजे काय हे पुरतं माहीत होतं. तिथले घाट, तिथला पाऊस, मोऱ्यांची मिजास, सगळं. तिच्यावर त्याचा डोळाही होता.

चार वर्षं उरली

जानेवारी १६५६. जावळी शिवाजीराजांनी घेतली. चंद्रराव मोऱ्यांकडून ती काही गोडीगुलाबीने आली नाही, तिथेही रक्त सांडलं. मग भोरप्याच्या डोंगरावर मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली नवा किल्ला उभा राहिला, तो प्रतापगड. पार घाटाच्या डोक्यावर, घाटमाथा आणि कोकण या दोन्हींवर नजर ठेवून. वाईच्या सुभेदाराच्या ताटातला घास उचलून त्याच्या समोरच भिंत बांधावी, तसं झालं.

पाच महिने उरले

१६ जून १६५९. विजापूरहून मावळातल्या देशमुखांना फर्मानं सुटली. खानाला सामील व्हा, नाहीतर परिणाम भोगा. कारीच्या कान्होजी जेध्यांनी आपलं फर्मान घेतलं, पाच मुलगे बरोबर घेतले आणि ते थेट शिवाजीराजांकडे गेले. वतनावर पाणी सोडण्याची तयारी दाखवून त्यांनी शपथ घेतली. उत्रवळीचे खंडोजी खोपडे उलट दिशेने गेले, खानाकडे. त्या दिवसांत मावळातल्या कितीतरी ओसऱ्यांवर हाच हिशेब झाला असणार: फौज मोठी कुणाची, आणि पावसाळ्यानंतर इथे कोण उरेल?

खान निघाला तेव्हा चढ्या घोड्यानिशी शिवाजीला धरून आणतो अशी प्रतिज्ञा त्याने दरबारात केली, असं बखरकार सभासद सांगतो. बरोबर बारा हजार घोडा, हत्ती, उंट, तोफा. वाटेत तुळजापूर आणि पंढरपूरच्या देवस्थानांना उपद्रव दिल्याचं बखरी सांगतात. फलटणच्या बजाजी नाईक निंबाळकरांना त्याने कैद केलं, मग सरदारांनी रदबदली केल्यावर सोडलं. या फौजेत घोरपडे होते, घाटगे होते, पांढरे, खराटे, मोहिते होते, खुद्द भोसल्यांच्या भाऊबंदातले मंबाजी होते. ही लढाई दोन धर्मांत झाली असं ज्यांना वाटतं त्यांनी दोन्ही बाजूंच्या नावांची यादी एकदा शांतपणे वाचावी.

दोन महिने उरले

५ सप्टेंबरला राजगडावर सईबाई वारल्या. मागे त्यांचे सव्वादोन वर्षांचे चिरंजीव संभाजीराजे. शिवाजीराजे तोवर प्रतापगडाशी येऊन राहिले होते. सभासदाच्या बखरीत या मृत्यूला फारशी जागा नाही, कारण बखरीला घाई असते. पण पुढच्या दोन महिन्यांत जी डोकं थंड ठेवून केलेली बोलणी दिसतात, ती नुकतीच पत्नी गमावलेल्या एका एकोणतीस वर्षांच्या माणसाने केली आहेत.

बोलण्यांचा सांगाडा साधा. खानाचे वकील कृष्णाजी भास्कर वाईहून गडावर आले. राजांचे वकील पंताजी गोपीनाथ वाईला गेले. खानाचं म्हणणं, तू खाली ये. राजांचं म्हणणं, मला भीती वाटते, तुम्हीच वडीलकीच्या नात्याने जावळीत या, मी पाया पडतो, किल्ले देतो. पंताजींनी खानाच्या छावणीत बसून काय विकलं असेल तर ही भीती. आणि खानाने ती घेतली, कारण त्याच्या वीस वर्षांच्या अनुभवात त्याच्यासमोर येणारा प्रत्येकजण भ्यालेलाच होता.

थोडे दिवस उरले

महाबळेश्वरच्या डोंगरावरून पारकडे उतरणाऱ्या वाटेचं नावच रडतोंडीचा घाट. त्या वाटेवरची झाडी राजांच्या माणसांनी आधीच तोडून रस्ता मोकळा करून ठेवला होता. पाहुण्यांची सोय म्हणून. मुख्य रस्ता जितका मोकळा, तितक्याच आडवाटा बंद. सगळी फौज उतरवणं शक्यच नव्हतं. बराच पसारा वाईला राहिला, निवडक फौज उतरली. हत्ती असल्या उतारावर पुढचा पाय टाकायच्या आधी सोंडेने जमीन चाचपतो, मागची सगळी रांग त्याच्यासाठी खोळंबते. खानाला याच वेळी परत फिरायला हवं होतं असं लढाईचे जाणकार म्हणतात. पण आपण कुठे उतरतोय हे त्याला कळत नव्हतं असं नाही. डोंगर त्याला माहीत होते. भेटीत काय होतं हेही त्याला माहीत होतं. दोन माहित्यांपैकी त्याने दुसरीवर भरवसा टाकला.

पार गावाजवळ, कोयनेच्या काठी, छावणी पडली. वर गड, चहूबाजूंनी रान.

षष्ठीची रात्र

शुद्ध षष्ठीचा चंद्र मध्यरात्रीच्या आतच मावळतो. त्यानंतर जावळीत जो काळोख होतो तो शहरात राहणाऱ्याला सांगून कळणार नाही. हातातली काठी दिसत नाही. घाटमाथ्याच्या बाजूने नेताजी पालकर, कोकणाच्या बाजूने मोरोपंत, म्हणजे आजच्या पोलादपूर-कुडपणच्या अंगाने, आणि रानात जेधे-बांदलांचे मावळे, असा घेर पडला होता. खूण ठरली होती: गडावरची तोफ.

सूर्योदय: दोन प्रहर उरले

गडाखाली, निम्म्या चढावर, जनीच्या टेंबावर शामियाना सजला होता. मखमली गाद्या, मोत्यांच्या झालरी. भेटीच्या अटी ठरलेल्या होत्या. दोघांनी दहा-दहा अंगरक्षक आणायचे, त्यांनी बाणाच्या टप्प्यावर थांबायचं, आत मोजकी माणसं.

राजांच्या दहांची नावं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. संभाजी कावजी, काताजी इंगळे, कोंडाजी कंक, येसाजी कंक, कृष्णाजी गायकवाड, सुरजी काटके, जिवा महाला, विसाजी मुरुंबक, संभाजी करवर आणि सिद्दी इब्राहीम. खानाच्या दहांत सय्यद आणि पठाण होते, तसेच पिलाजी आणि शंकराजी मोहितेही होते.

एक प्रहर उरला

गडावर राजांनी अंगरख्याखाली चिलखत चढवलं. मंदिलाखाली पोलादी टोप. सभासदाच्या म्हणण्याप्रमाणे बाहीत बिचवा आणि डाव्या हातात वाघनखं. वाघनखं म्हणजे पोलादी पट्टीवर बसवलेली वाकडी नखं. पट्टी तळहातात दडते, दोन टोकांच्या अंगठ्या मात्र बोटांत दिसतात, दागिना घातल्यासारख्या. मूठ मिटली की हत्यार नाही, उघडली की आहे. शिवभारताच्या कवीने मात्र राजांच्या हाती सरळ तलवार दिली आहे. कवीला नायकाच्या हातात लपवलेलं शस्त्र शोभलं नसावं. मला सभासद जवळचा वाटतो. चिलखत घालून जाणारा माणूस हत्यार बाहेर मिरवत नेणार नाही.

खाली छावणीतून खान पालखीत निघाला तेव्हा त्याच्यामागे हजार-दीड हजार बंदुकवाले चालू लागले. पंताजी पुढे झाले. एवढी माणसं पाहून राजे गडावरून उतरायचेच नाहीत, म्हणाले. खानाने बंदुकवाल्यांना वाटेतच थांबवलं. सगळ्या दिवसात याहून महाग निर्णय त्याने घेतला नाही आणि तो घ्यायला त्याला क्षणभरही लागला नाही.

काही घटका उरल्या

शामियाना पाहून खान चिडला. शहाजीच्या पोराकडे असला सरंजाम कुठून आला? पंताजींनी शांतपणे सांगितलं की हे सगळं शेवटी बादशहाकडेच जायचं आहे. सुभेदाराचा हिशेबी जीव निवला.

राजे उतरले आणि अलीकडेच थबकले. खानाजवळचा सय्यद बंडा हा पट्टेबाज दूर होईल तर येतो, असा निरोप गेला. सय्यद बंडा दूर झाला. म्हणजे आधी फौज वाईला राहिली, मग उरलेली पारला, मग बंदुकवाले वाटेत, आणि आता शेवटचा खात्रीचा माणूस चार पावलं मागे. एकेक पदर खानाने स्वतःच्या हाताने सोडला. प्रत्येक वेळी समोरच्याची भीती घालवण्यासाठी.

भेट

दुपार. दोघे सामोरे आले, मिठी पडली. खान धिप्पाड, राजे त्याच्या मानाने ठेंगणे. खानाने राजांची मान डाव्या बगलेत दाबली आणि जमदाड कुशीत मारली. चिलखतावरून पातं खरखरत गेलं. त्या आवाजाने शिऱ्याचा पेच पहिल्यांदाच चुकला. दुसऱ्या क्षणी खानाचं पोट फाटलं होतं.

दगा, दगा अशी ओरड झाली. सय्यद बंडा धावून आला, त्याचा हात जिवा महालाने वरच्या वर कापला. भोयांनी जखमी खानाला पालखीत घालून उचललं. संभाजी कावजीने भोयांच्या पायांवर वार केले, पालखी जमिनीवर आली, आणि खानाचं शीर गडावर गेलं.

आधी वार कोणी केला यावर साडेतीनशे वर्षं भांडण चालू आहे. माझा कौल खानाकडे बोट दाखवणारा आहे, पण भांडणाचा सूर मला पटत नाही. कोणीही बेसावध आला नव्हता. दोघांनी एकमेकांना दोन महिने वाचलं होतं. एकाने नीट वाचलं.

तोफेनंतर

गडावरची तोफ झाली. पारच्या छावणीत ती ऐकणाऱ्यांना काय वाटलं असेल? भेट सुखरूप पार पडल्याची सलामी वाटली असेल, दुसरं काय? मग रान हललं. घोड्यांना पळायला सपाटी नव्हती, हत्तींना वळायला जागा नव्हती, आणि आवाज कुठून येतोय हे डोंगर कळू देत नव्हते. मंबाजी भोसले इथेच पडले. शरण आलेल्यांना मारलं नाही, जखमींना औषधपाणी झालं. सभासदाच्या यादीप्रमाणे ६५ हत्ती, ४००० घोडे, १२०० उंट, कापडाची दोन हजार गाठोडी आणि सात लाख नगद राजांच्या हाती लागले.

सप्तमीची रात्र

खानाचा थोरला मुलगा फाजलखान निसटला. जावळीतून बाहेर पडायची वाट त्याला दाखवली प्रतापराव मोऱ्यांनी, त्याच जावळीच्या मोऱ्यांपैकी एकाने. एवढ्या फौजेत वाट ठाऊक असलेला माणूस उपयोगी पडला तो शेवटी पळण्यासाठी. सप्तमीचा अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो. तोवर त्यांनी कोयनेच्या बाजूचं रान धरलं असेल.

त्यानंतर

अठरा दिवसांनी, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा शिवाजीराजांकडे आला. १० डिसेंबरला इंग्रजांच्या राजापूर वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आपल्या कंपनीला लिहितो की एवढ्या फौजेने शिवाजी आवरणार नाही हे विजापूरच्या राणीला माहीत होतं, म्हणून तिनेच खानाला मैत्रीचं सोंग करायला सांगितलं होतं, आणि समोरच्यानेही तेच सोंग घेतलं. गोऱ्या व्यापाऱ्याला कुठल्याच बाजूचा पोवाडा गायचा नव्हता. बाजारात आलेली बातमी त्याने तशीच पत्रात उतरवली.

खानाला गडाखालीच, पडला त्या जागेजवळ, मूठमाती मिळाली. त्या कबरीभोवती उभी राहिलेली बांधकामं १० नोव्हेंबर २०२२ ला प्रशासनाने पाडली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने साताऱ्याच्या संग्रहालयात आली आणि ती हीच का यावर नवं भांडण सुरू झालं.

विजापूरजवळ अफजलपुरात ओळीने साठेक कबरी आहेत. मोहिमेवर निघण्यापूर्वी ज्योतिषाने मरण वर्तवलं म्हणून खानाने आपल्या बायका मारल्या, त्यांच्या या कबरी, असं लोक सांगतात. लोक काहीही सांगतात. तिथेच खानाने स्वतःसाठी बांधायला घेतलेली कबरही आहे. ती रिकामी आहे.